लिफ्टने वर, सायकलने खाली

मुलांनो, मागच्या आठवड्यात आपण पंक्चर काढलं. किती जणांनी खरोखर हात काळे केले, सांगा पाहू! आज मात्र आपण जरा लांब जाणार आहोत. पार कॅनडात.

झालं असं की, सुट्टीत काढलेले काही फोटो मी आमच्या चौथीच्या वर्गात दाखवायला नेले होते. एका फोटोत डोंगरावर जाणारे पाळणे आहेत, आणि पाळण्यांबरोबर चक्क सायकली वर चालल्या आहेत. दुसऱ्या फोटोत डोक्याला अंतराळवीरासारखं हेल्मेट, कोपरांना आणि गुडघ्यांना पॅड, असा एक प्राणी उभा आहे. तो माझा भाचा. वय तेरा.

“बाई, सायकल पाळण्यातून का चाललीय?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

“वर जायला. मग वरून ती चालवत खाली यायचं. पुन्हा पाळणा, पुन्हा खाली.”

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील रोज पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लावून गावाबाहेरचा चढ चढतात. तो म्हणाला, “चढायचंच नाही? मग ती कसली सायकल!”

सगळा वर्ग हसला. पण मला तो प्रश्न फार आवडला. कारण चढ काढून टाकला की सायकल खरोखरच वेगळी होते. तिचं वजन, तिचे ब्रेक, तिची बसायची जागा, सगळंच बदलतं. आणि चालवणाऱ्यानं काय ठरवायचं, तेही बदलतं.

माझी ताई व्हँकुव्हर शहरात राहते. तिथून उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर व्हिसलर नावाचं डोंगरातलं गाव आहे. हिवाळ्यात तिथे बर्फावरून स्कीइंग करायला जगभरातून माणसं येतात. २०१० सालच्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या डोंगरउतारावरच्या स्की शर्यती इथेच झाल्या. पण उन्हाळ्यात बर्फ वितळलं, की एवढे मोठे पाळणे करायचे काय? त्यावर निघालेलं एक उत्तर म्हणजे बाइक पार्क. व्हिसलरचा बाइक पार्क १९९९ साली सुरू झाला आणि आज तो जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पार्कांपैकी एक आहे. २००४ सालापासून तिथे क्रँकवर्क्स नावाचा सायकलींचा मोठा उत्सवही भरतो.

आम्ही गेलो तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ होतं, त्यामुळे खालच्याच वाटा उघड्या होत्या. पाळण्यातून वर जाताना खाली गवतात एक काळं अस्वल शांतपणे चरताना दिसलं. हो, चरताना! तिथली अस्वलं त्या दिवसांत म्हशीसारखी गवत खातात. मी पाळण्याची दांडी घट्ट धरून बसले होते आणि भाचा म्हणत होता, “मावशी, घाबरू नकोस गं, ते वर उडी मारत नाही.”

पण त्याआधी खाली सायकलवरून एक छोटं भांडण झालं होतं, ते सांगायला हवं.

भाच्याकडे घरची सायकल होती. पुढे शॉकअप, मागे काही नाही. शाळेत जायला, रानातल्या साध्या वाटांवर फिरायला उत्तम. भाऊजींचं म्हणणं, “घरची सायकल असताना भाडं कशाला भरायचं?” भाच्याचं म्हणणं नेमकं उलट. त्याला दुकानातली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जाडजूड डाउनहिल सायकल हवी होती. दुकानातल्या माणसानं दोघांचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोणत्या वाटेवर जाणार?”

दोघेही गप्प. कारण वाट कोणी ठरवलीच नव्हती!

आधी वाट, मग सायकल. आपण उलटं करतो. आधी सायकल आवडते, मग ती कुठे चालवायची ते शोधतो.

आता या सायकलींमध्ये फरक काय असतो? मागे शॉकअप नसलेल्या सायकलला हार्डटेल म्हणतात, म्हणजे कडक शेपटीची. गुळगुळीत, सोप्या उतारावर ती चालते. पण दगड आणि मुळं आली की मागचं चाक उड्या मारायला लागतं आणि प्रत्येक दणका तुमच्या पायांतून पाठीत जातो. दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलींतही प्रकार आहेत. चढ-उतार दोन्हींसाठी केलेल्या ट्रेल सायकलचा शॉकअप साधारण १३० ते १५० मिलिमीटर दबतो. खास उतारासाठी केलेल्या डाउनहिल सायकलचा जवळजवळ २०० मिलिमीटर. म्हणजे तुमच्या फूटपट्टीचे वीस सेंटिमीटर! टायर जाड, अडीच इंचांच्या आसपास रुंद, आणि हवा बेताचीच भरलेली, म्हणजे टायर दगडावर जरा पसरतो आणि पकड धरतो.

आणखी एक गंमत बघा. पुढचं चाक धरणारा जो दुहेरी दांडा असतो, त्याला फोर्क म्हणतात. आपल्या घरच्या सायकलचा फोर्क बऱ्यापैकी उभा असतो. डाउनहिल सायकलचा फोर्क पुढे चांगलाच कललेला असतो, त्यामुळे पुढचं चाक तुमच्यापासून लांब पडतं. तीव्र उतारावर तुमचं वजन पुढे ढकललं जातं, तेव्हा हे लांबचं चाकच तुम्हाला हँडलवरून पुढे कोलमडण्यापासून वाचवतं. पण हीच सायकल सपाट रस्त्यावर आणा, ती बैलासारखी जड आणि आळशी वाटते. सीट इतकी खाली असते की बसून पायडल मारताना गुडघे छातीला लागतील. कारण तिथे बसायचंच नसतं. दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे आणि कोपर थोडे वाकवलेले, नजर लांब, असं उभं राहूनच उतरायचं.

तर दुकानदारानं भाच्याला दिली मधली सायकल. दोन्हीकडे शॉकअप, पण सगळ्यांत मोठी नव्हे. भाच्याचं तोंड एवढंसं झालं. मग त्या माणसानं त्याला सायकलवर उभं केलं आणि पुढच्या शॉकअपच्या नळीवरचा एक रबरी छल्ला दाखवला. चालवणारा सायकलवर उभा राहिला, की शॉकअप त्याच्या एकूण दबण्याच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका दबायला हवा. भाचा पंचेचाळीस किलोचा. मोठ्या माणसासाठी लावलेला शॉकअप त्याच्या वजनाने जेमतेम हलला. मग दुकानदारानं शॉकअपमधली हवा कमी केली, पुन्हा उभं केलं, पुन्हा मोजलं. न दबणारा महागडा शॉकअप म्हणजे कडक दांडाच की!

मला आमचं लहानपण आठवलं. तासावर भाड्याने मिळायच्या त्या मोठ्या माणसांच्या काळ्या सायकली. सीटवर पाय पुरायचे नाहीत म्हणून आम्ही दांडीखालून पाय घालून तिरकं चालवायचो. गुडघे कायम फुटलेले. तेव्हा आमच्या मापाची सायकल मागण्याची पद्धतच नव्हती.

नंतर त्यानं ब्रेक पाहिले. भाच्याची बोटं लहान, म्हणून ब्रेकची मूठ हँडलच्या जवळ आणून दिली. एका बोटाने ब्रेक लागला पाहिजे, बाकीची बोटं हँडल धरायला हवीत. आणि इथे मी एक महत्त्वाची गोष्ट शिकले. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. कॅनडात डाव्या हाताचा! आपल्या इकडून गेलेल्या माणसानं सवयीनं घाबरून डावा ब्रेक करकचून दाबला, की मागचं चाक थांबायच्या ऐवजी पुढचं चाक थांबणार आणि स्वारी हँडलवरून पुढे. दुसऱ्याची कोणतीही सायकल हातात घेतली, की आधी उभ्या उभ्या दोन्ही ब्रेक दाबून बघा.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर थोडं गणित करू. मोठ्या भावंडांनी वही घ्या. भाचा आणि सायकल मिळून ६० किलो धरा. उतार ४०० मीटर उंचीचा समजा. ६० गुणिले ९.८ गुणिले ४००. उत्तर आलं २,३५,२०० ज्यूल. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४,२०० ज्यूल लागतात. म्हणजे एवढ्या ऊर्जेत एक लिटर पाणी ५६ अंशांनी तापेल! तीस अंशांचं पाणी शहाऐंशी अंशांवर. अंगावर घेतलं तर भाजेल. यातली काही ऊर्जा हवा आणि टायर खातात, पण बरीचशी ब्रेकमध्येच उष्णता होऊन जाते. म्हणून या सायकलींना रिमवर घासणारे रबराचे ब्रेक नसतात. चाकाच्या मधोमध पोलादी चकती आणि तिला दोन्हीकडून आवळणारे, तेलाच्या दाबाने चालणारे डिस्क ब्रेक असतात.

जुन्या लोकांना हा धडा चांगलाच मिळाला होता. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून उताराच्या शर्यती सुरू केल्या. गॅरी फिशर आणि जो ब्रीझ ही त्यातली पुढे प्रसिद्ध झालेली नावं. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असायचा. पायडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. ‘पुन्हा भरा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या उताराचं नावच पडलं ‘रीपॅक’. आजच्या माउंटन बाइकच्या गोष्टीत त्या उताराला मानाचं पान आहे.

असो. सायकल झाली. आता वाट.

बाइक पार्कमधल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पाटी असते. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ म्हणजे सर्वांत सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड, आणि दोन काळे हिरे म्हणजे फारच अवघड. ही खूण स्कीइंगच्या उतारांवरून आली. युरोपात जाल तर निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल रंगही भेटतो. म्हणजे एका देशातला काळा आणि दुसऱ्या देशातला काळा सारखा असेलच असं नाही. एका शाळेत पहिला आलेला दुसऱ्या शाळेत कितवा येईल, कोण सांगणार? म्हणून नव्या पार्कात गेल्यावर आपल्या नेहमीच्या रंगापेक्षा एक पायरी खालून सुरुवात करतात.

पण नुसता रंग पाहून भागत नाही. वाटेची जातही बघावी लागते. एक जात यंत्राने बांधलेली. माती चोपून गुळगुळीत केलेली, वळणावर बाहेरच्या बाजूला मातीची भिंत उभारलेली, मध्ये मध्ये उंचवटे. याला फ्लो ट्रेल म्हणतात. व्हिसलरमधली ‘ईझी डझ इट’ ही हिरवी वाट अशीच आहे आणि ‘क्रँक इट अप’ ही निळी वाटही. तिथली जगप्रसिद्ध ‘ए-लाइन’ ही सुद्धा याच जातीची, पण काळ्या हिऱ्याची. ती उड्यांनी भरलेली आहे. दुसरी जात रानातली. देवदार आणि सुरूच्या भाऊबंदांची मुळं, खडक, लाकडी फळ्या, अरुंद वळणं. इथे वेग कमी, पण प्रत्येक हाताला चाक कुठे ठेवायचं याचा विचार. पाऊस पडला की ओली मुळं साबणासारखी होतात. फ्लो ट्रेलवर निळ्यापर्यंत पोचलेला मुलगा रानातल्या निळ्या वाटेवर पार गोंधळून जाऊ शकतो.

भाच्याला पहिल्या फेरीला हिरवी वाट घ्यायला लावली, तेव्हा तो रुसला. “मावशी, ती बाळांची आहे.” खाली आला तेव्हा मात्र मुठी झाडत आला. उतारावर पाय थकत नाहीत, हात थकतात! ब्रेक धरून धरून मनगटाच्या वर दगडासारखं झालं होतं. दुसऱ्या फेरीला कमी ब्रेक, तिसऱ्या फेरीला अजून कमी. वळणाच्या आत ब्रेक लावायचा नाही, वळणाच्या आधी लावून घ्यायचा आणि आत सोडायचा, हे त्याचं त्यालाच कळलं. तिथे सांगतातच, पहिली फेरी हळू, नुसती बघण्यासाठी. दुसरी फेरी ओळख पक्की करायला. मग मोकळेपणाने. चौथी फेरी त्यानं निळ्या वाटेवर केली आणि हसत खाली आला.

पाचव्या फेरीला त्याला रांगेत त्याच्या शाळेतली दोन मोठी मुलं भेटली.

आमचं ठरलं होतं, प्रत्येक फेरीनंतर खाली बाकापाशी मला भेटायचं. एक फेरी साधारण पंचवीस मिनिटांची होत होती. पंचवीस झाली, चाळीस झाली. ती दोन मुलं खाली येऊन पुन्हा वर गेलेली मी पाहिली. तासभर झाला. माझा चहा गार झाला होता. मी चौकशीसाठी उठणार, एवढ्यात तो दिसला. सायकल हाताने ढकलत, गुडघ्यापर्यंत चिखल.

“पडलास?”

“नाही.”

पाणी प्यायला, मग बोलला. वर तिघं एका पाटीपाशी थांबले. काळा हिरा. ती दोघं आत गेली. हा मागोमाग गेला. थोडं पुढे एक मोठा खडक होता आणि खडकापलीकडे जमीन दिसतच नव्हती. हा कडेवर थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, तसा त्यानं सायकल वाटेबाहेर ओढली. मग वाटेच्या कडेकडेने, येणाऱ्यांना जागा देत, चालत खाली आला. सायकल पंधरा किलोची.

मी म्हटलं, “चालत आलास ते बरोबर केलंस. लाज वाटली का?”

“चालताना नाही गं. वर पाटीपाशी वाटली. म्हणून तर आत गेलो.”

काय बोलणार मी यावर? मी वर्गात मुलांना हात वर करायला सांगते, “कुणाला समजलं नाही?” तेव्हा किती हात वर होतात, ते मला माहीत आहे.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “आईला सांगू नकोस.”

“मी नाही सांगणार. तू सांगायचंस. आज रात्रीच. नाही सांगितलंस, तर उद्या सकाळी मी सांगेन.”

त्यानं जेवताना सांगितलं. आणि ताई रागावली कुणावर? माझ्यावर! “तू खाली बसून काय करत होतीस?” तिचंही काही चुकलं नव्हतं. सायकल, हेल्मेट, वाट, सगळं आम्ही नीट पाहिलं होतं. कुणाबरोबर जायचं आणि ऐन वेळी बेत बदलला तर काय करायचं, हे मात्र ठरवलं नव्हतं.

पालकांनो, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. अशा ठिकाणी मुलांना न्यायचा योग आला, तर सायकल भाड्यानेच घ्या, आणि पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट व पॅडही त्याच दुकानातून मागा. हेल्मेटशिवाय व्हिसलरमध्ये सायकल चालवूच देत नाहीत. हेल्मेट घालून डोकं हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोक्यावर नाही. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याबरोबर एक तास काढता आला तर नक्की काढा. आणि वर जाण्याआधी मुलाला सांगून ठेवा की पाटीपाशी ‘मी इथून जाणार नाही’ असं म्हणायची त्याला पूर्ण मुभा आहे, आणि खाली आल्यावर कोणी त्याला हसणार नाही. मग खरंच हसू नका. भाऊजी हसले होते, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी भाचा दिवसभर निळ्या वाटेवर होता. ती दोन मुलं पुन्हा भेटली. एकानं विचारलं तेव्हा हा म्हणाला, “तो खडक मला जमत नाही.” त्या मुलानं खांदे उडवले आणि म्हणाला, “मलापण गेल्या वर्षी जमत नव्हता.” मग तिघंही मिळून निळ्या वाटेने आले.

हे सगळं ऐकून झाल्यावर वर्गातला तो मागच्या बाकावरचा मुलगा पुन्हा उभा राहिला. “बाई, ती सायकल आमच्या चढावर चालेल का? किटल्या लावून?”

“नाही रे. अर्ध्यात उतरावं लागेल. शॉकअप दबत राहतील आणि दूध हिंदकळेल. शिवाय तिला कॅरिअरच नाही.”

“आणि आमची तिकडे?”

“पहिल्याच दगडावर रिम वाकडी.”

त्यानं जरा विचार केला आणि समाधानानं खाली बसला.

आता तुमच्यासाठी काम. घरातल्या प्रत्येक सायकलचा उजवा ब्रेक कोणत्या चाकाचा आहे, ते बघून ठेवा. शेजाऱ्यांच्या सायकली विचारून बघा, न विचारता नको! उत्तर पोस्टकार्डावर मला कळवा, सायकलचा रंगही लिहा. पुढच्या आठवड्यात चेनला तेल किती घालायचं, यावरून आमच्या घरी झालेलं भांडण सांगते.